सारजाची हजेरी

बुधवारी संध्याकाळी कंपनीचे मॅनेजर ज्ञानेश साहेब स्वतः गाडी घेऊन इंदापूरला आले आणि चहासुद्धा न घेता दोन कागद ठेवून गेले. गुरुवारी बारामतीच्या एमआयडीसीला सुट्टी. त्यामुळे सकाळी अकरा वाजता मकसूदभाईंनी सगळ्या घराला पुढच्या खोलीत बसवलं. एक कागद त्यांच्या सहीसाठी होता, दुसरा त्यांच्या धाकट्या भावाच्या बायकोसाठी, सलिमासाठी. दुपारी एकला साहेब दोन्ही कागद न्यायला येणार होते.

"वाच," मकसूदभाई मुलीला म्हणाले.

साजियानं पहिला कागद वाचला. "मी, कंपनीचा वाहतूक ठेकेदार मकसूद, लिहून देतो की अकरा तारखेला सकाळी पणदरे थांब्यावरून सारजा ही कामगार माझ्या बसमध्ये चढली नव्हती."

ती थांबली. बापाकडं बघून तिनं दुसरा कागद उचलला. "मी, शिलाई विभागातील कामगार सलिमा, लिहून देते की अकरा तारखेबद्दल मी जे बोलले ते ऐकीव होते, आणि बाहेरच्या लोकांच्या सांगण्यावरून बोलले."

"ऐकीव," सलिमा म्हणाली. ती दाराजवळच्या पाटावर बसली होती. "माझ्या मांडीवर तिचं डोकं होतं भाईजान. माझी सलवार भिजली होती तिच्या रक्तानं. दोनदा धुतली तरी डाग गेला न्हाय. आन् हे लिहितात, ऐकीव."

अकरा तारखेला काय झालं ते कारखान्यातल्या तीनशे बायकांना माहीत होतं. जर्मनीला जायचे शर्ट त्या दिवशी संपवायचे होते. सारजाला पाचवा महिना होता. सकाळपासून पोटात दुखतंय म्हणून तिनं सुपरवायझरकडं दोनदा बाहेर जायचा पास मागितला. तो म्हणाला, लाइन तुटेल, जेवणाच्या सुट्टीत बघू. जेवणाची सुट्टी त्या दिवशी झालीच नाही. अडीच वाजता ती मशीनवरून खाली घसरली. गेट उघडायला सही हवी, सही करणारा जागेवर नाही, आणि कंपनीची गाडी कुठं आहे ते कुणालाच ठाऊक नाही. पाऊण तासानं सलिमानं आणि लोणी भापकरच्या रंगूबाईनं तिला उचलून रस्त्यावर नेलं आणि रिक्षात घातलं. मूल गेलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कॉम्प्युटरवर सारजाच्या नावापुढं अकरा तारखेला गैरहजर असं आलं. घरी पडली असेल, कंपनीचा काय संबंध, असं ऑफिसातून सांगायला लागले. बाई तिथं नव्हतीच म्हटल्यावर कुणावर काही यायचं कारण उरत नव्हतं.

"सही करायला काय जातंय, चाची?" परवेज म्हणाला. मकसूदभाईंचा हा थोरला मुलगा. घरच्या चारही बस तोच बघत होता. "झालं ते वाईटच झालं, मी काय न्हाय म्हणत न्हाय. पर त्यापायी गाड्या दारात उभ्या करायच्या का? चार ड्रायव्हर हायेत, त्यांची घरं हायेत. ठेका जूनला संपतोय. साहेब तोंडावर बोलून गेलं, कागद आला तर ठेका."

"आन् न्हाय आला तर?"

"तर दुसरा गाडीवाला तयारच बसलाय."

परवेज वाईट माणूस नव्हता. पहाटे चारला उठून गाड्यांखाली शिरणारा, कुठल्या थांब्यावर कोण बाई उशिरा येते ते लक्षात ठेवून दोन मिनिटं जास्त थांबणारा. पण गेले आठ दिवस त्याच्या डोक्यात एकच राग होता, आणि तो सगळा या घरातल्या दोन बायकांवर निघत होता. त्याला वाटत होतं, आपण एकटे हे घर ओढतोय आणि बाकीचे मागून उतरून पळतायत.

"हे सगळं हिनं केलंय," तो साजियाकडं वळला. "बारामतीत ते केंद्र काढलं, बायका गोळा केल्या, तितवर ठीक. पर जर्मनीला कळवायचं काय कारण होतं? घरातलं भांडण बाहेर कशाला न्यायचं?"

"घरातलं?" साजिया म्हणाली. "कंपनी आपलं घर आहे का भाई?"

बारामतीत कामगार बायकांनी मिळून चालवलेल्या मदत केंद्रात ती दोन वर्षं काम करत होती. सारजाच्या वेळी ती आधी सरकारी ऑफिसात गेली. तिथल्या माणसानं हजेरीचा कागद पाहिला आणि म्हणाला, ही तर कामावरच नव्हती. मग तिनं शर्टाच्या लेबलावरचं नाव शोधलं, त्या दुकानांचा माल जर्मनीत कुठल्या गोदामात उतरतो ते शोधलं, आणि तिथल्या कामगार संघटनेला सगळं लिहून पाठवलं. चौथ्या दिवशी नूरगुल नावाच्या बाईचा निरोप आला. आईवडील तुर्कस्तानातून गेलेले, ती जन्मली जर्मनीतच, बारा वर्षं त्या गोदामात खोकी उतरवत होती. तिनं पहिला प्रश्न विचारला होता, सारजा आता कशी आहे.

"सोमवारपासून तिथल्या एकेचाळीस जणांनी आपल्या कारखान्याची खोकी बाजूला लावून ठेवलीयत," साजिया म्हणाली. "बाकीचा माल उघडतात, आपला नाही. खरेदी करणाऱ्या कंपनीला त्यांनी सांगितलंय, आधी चौकशी करा. आज दीड वाजता त्या सगळ्यांची आपल्याशी फोनवर मीटिंग आहे."

"आन् उद्या त्यांनी ऑर्डरच बंद केली तर? बांगलादेशातनं घेतील शर्ट. गोऱ्यांना आपलं काय पडलंय? मग तीनशे बायका घरी बसतील, तुझी सारजाबी."

"हेच विचारलं मी तिला. म्हणून त्यांनी लिहून मागितलंय की ऑर्डर काढायची नाही, माल इथूनच घ्यायचा, आणि गेट उघडं ठेवायचं. भाई, त्यांच्या मनगटावर यंत्र बांधतात. संडासला किती मिनिटं लागली ते त्यात मोजतात. पास मागायचा म्हणजे काय, हे नूरगुलला समजावून सांगावं लागलं नाही मला."

मेहजबीन, मकसूदभाईंची बायको, भिंतीला टेकून बसली होती. आता ती सलिमाकडं न बघता म्हणाली, "सलिमा, मला तुझं पटतंय. पर पोलीस, पेपर, हे सगळं आपल्या दाराला नको. तू गप बसलीस तर कुणी तुला वाईट म्हणणार न्हाय."

"भाभी, साद गेला तवा तितली माणसं गप बसली असती तर?"

साद म्हणजे सलिमाचा नवरा, मकसूदभाईंचा धाकटा भाऊ. सहा वर्षांपूर्वी आखातात एका इमारतीच्या कामावर पडून गेला. तिथली कंपनी म्हणत होती, तो त्या दिवशी कामावर नव्हता, दारू पिऊन पडला. ज्यानं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. त्याच्या खोलीतले लोक, कुणी केरळचा, कुणी नेपाळचा, दोघं पाकिस्तानचे, सगळ्यांनी तीन दिवस कामावर जायला नकार दिला. चौथ्या दिवशी कागद बदलला आणि साद इंदापूरच्या मातीला आला. त्यातल्या दोघांना कंपनीनं नंतर परत पाठवून दिलं.

"त्यांनी हे गाव बघितलं न्हवतं," सलिमा म्हणाली. "माझं तोंड बघितलं न्हवतं. तुमी तवा जनाज्यात रडत म्हणालात भाईजान, या लोकांचं फेडायचं कसं. मी तर म्हणते, फेडू नका. निदान दुसऱ्या बाईच्या बाबतीत तसलाच खोटा कागद आपल्या हातानं करू नका."

मेहजबीननं पदर तोंडाला लावला. मग ती उठली आणि दुसरा कागद, सलिमाचा, उचलून घडी करून आपल्या कमरेला खोचला. "हिची सही होणार न्हाय," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमचं तुमी बघा."

परवेज आईकडं बघत राहिला.

मकसूदभाई काहीच बोलले नव्हते. घरात सगळ्यांना वाटत होतं, ते ठेक्याचा विचार करतायत. वय बासष्ट, एका जीपवरून चार बसपर्यंत आलेला माणूस. इंदापूरच्या बाजारात त्यांच्या शब्दावर लोक व्यवहार करत. त्यांना वाटत होतं, कुणीतरी सही कर म्हणावं, नाहीतर नको म्हणावं, म्हणजे आपल्याला काही सांगावं लागणार नाही.

साडेबाराला दारात रंगूबाई उभी राहिली. तिच्या मागं सारजा होती.

सव्वीस वर्षांची बाई, पण एसटीतून उतरून इथवर चालत आली तर दम लागला होता. चेहरा पिवळा पडला होता. सलिमा धावत गेली आणि तिला भिंतीला टेकून बसवलं. मेहजबीननं पाणी आणलं.

"कशाला आलीस गं एवढ्या लांब?" सलिमा म्हणाली.

"घरात बसवंना," सारजा म्हणाली. "सासू म्हणती, तू कामावर न्हवतीसच म्हणं, मग गेली कुठं होतीस. गावातबी तसंच बोलत्यात. ऑफिसच्या कागदावर तसं हाय ना. नवरा काय बोलत न्हाय, पर तोबी बघतो माझ्याकडं."

रंगूबाईनं कपाळाला हात लावला. "मूल गेलं ते गेलंच. वर हिच्यावरच संशय. मला तर वाटतं कारखान्याच्या दारात जाऊन बसावं आन् येणाऱ्या जाणाऱ्याला विचारावं, तुमाला आईबाप हायेत का."

सारजानं मकसूदभाईंकडं बघितलं. "मकसूदभाई, त्या दिवशी तुमचा कुंडलिक सुट्टीवर होता. गाडी तुमीच आणली होती. माझ्या हातात डबा होता, पायरीवर पाय सटकला तर तुमी म्हणालात, सावकाश बाई. म्हणालात का न्हाय?"

मकसूदभाईंनी मान खाली घातली.

"एवढंच विचारायला आले मी. दुसरं काय न्हाय."

ही गोष्ट घरात कुणालाच माहीत नव्हती. पणदऱ्याच्या गाडीवर नेहमी कुंडलिक असायचा. परवेज म्हणाला, "अब्बा, तुमी होता?"

"व्हय," मकसूदभाई म्हणाले.

हे एवढंच सांगून भागलं असतं. सारजाला तेवढंच हवं होतं. पण त्या दिवशी अडीचनंतरचं जे होतं ते गेले तेरा दिवस त्यांच्या छातीत अडकलं होतं. नमाजला उभं राहिलं की तेच आठवे.

"सारजा चढली. सात दहाला, पणदऱ्याच्या थांब्यावर," ते म्हणाले. "पर तेवढंच न्हाय. मी दिवसभर गेटवर गाडी घेऊन बसलो होतो. दोन चाळीसला वॉचमन पळत आला. म्हणाला, चाचा, आत एक बाई पडलीय, लई रक्त जातंय, गाडी काढा. मी ज्ञानेश साहेबाला फोन लावला. त्यांच्या सांगण्याबिगर गाडी हलवायची न्हाय असा करार हाय. ते म्हणाले, त्या बाईसाठी गाडी हलवू नका, भानगड अंगावर येईल. तुमी जरा बाजूला जावा." त्यांनी ओठ पुसले. "मी किल्ली खिशात घातली आन् पलीकडच्या टपरीवर जाऊन बसलो. तुमी दोघी हिला उचलून नेताना मला दिसत होतात. मी उठलो न्हाय."

सलिमा उभी राहिली होती. तिला आठवत होतं, रस्त्यावर आल्यावर ती बस दिसली होती, रिकामी, दार लावलेली. ती त्या दारावर थापा मारत होती. आतून कुणी उघडलं नव्हतं.

"मी थापा मारत होते," ती म्हणाली. "तुमच्याच गाडीवर."

"ऐकत होतो मी."

"भाईजान." ती त्यांच्याकडं दोन पावलं गेली. ज्या माणसानं सादनंतर तिला एका शब्दानं कमी लेखलं नाही, तिला शिलाईच्या कामाला जायला सगळ्या जमातीत पाठिंबा दिला, तोच त्या टपरीवर चहा घेऊन बसला होता. तिला त्यांचा राग आला, आणि तेवढाच त्या फोनवरच्या आवाजाचा, ज्यानं एका म्हाताऱ्या माणसाला एका वाक्यात असं करून टाकलं.

मकसूदभाई उठून सारजासमोर जमिनीवर बसले. "तुझ्यापुढं मी गुन्हेगार हाय बाई. माफी मागायला तोंड न्हाय."

सारजानं हातातला पेला खाली ठेवला. डोळ्यांत पाणी नव्हतं. "माफीचं मला जमंल का न्हाय, ठाऊक न्हाय," ती म्हणाली. "जमणार न्हाय बहुतेक. पर जे आत्ता मला सांगितलंत, तसंच्या तसं त्या जर्मनीवाल्यांना सांगा. टपरीचं बी सांगा. गाळू नका."

एक वाजता ज्ञानेश साहेब आले. दारात चपला बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली, सारजाला बघून ते जागीच थांबले. मग हसले.

"मकसूदभाई, घरगुती बैठक दिसतेय. कागद तेवढा द्या, मी निघतो."

"बसा साहेब. दीड वाजता त्या लोकांची मीटिंग हाय. मी बोलणार हाय त्यात."

"काय बोलणार?"

"दोन चाळीसला मी तुमाला फोन केला होता. तुमी काय म्हणालात ते. बाई कामावर न्हवती, तर कुठल्या बाईसाठी गाडी हलवू नका म्हणालात, तेवढं मला समजंना."

साहेबांचा चेहरा उतरला. "तुम्ही आमच्या भरवशावर उभे राहिलात. चार बस कुणामुळं आहेत? आणि ही बाहेरची माणसं, उद्या विसरतील तुम्हाला. या देशाची बदनामी करायला टपलेत ते. तुमच्यासारख्यांनी तर जास्त जपून राहायला हवं."

"आमच्यासारख्यांनी म्हंजे?" हे परवेजनं विचारलं. तो इतका वेळ खिडकीशी उभा होता. "आमी पंधरा वर्षं तुमच्या कारखान्यातल्या बायका घरी पोचवतोय साहेब. पुरात, कर्फ्यूत, लॉकडाऊनमधी. आमच्यासारखे म्हंजे कसले?"

टेबलावरचा कागद उचलून साहेब निघून गेले. त्यांची गाडी वळेपर्यंत परवेज दारात उभा होता. मग आत येऊन त्यानं आपला फोन साजियाला दिला. "माझ्यात रेंज चांगली येती," एवढंच म्हणाला.

दीडला पडद्यावर सात-आठ चेहरे आले. कोट घातलेले तिघं खरेदीदार कंपनीचे, एक संघटनेचा म्हातारा, आणि कडेला केस बांधलेली, गोदामाचं पिवळं जाकीट घातलेली नूरगुल. तिनं सलाम केला. सलिमानं केला. साजिया मराठीचं इंग्रजी करत होती, तिकडं कुणी त्याचं जर्मन करत होतं.

मकसूदभाईंनी सगळं सांगितलं. सात दहा. पायरी. वॉचमन. फोन. फोनच्या नोंदीतला तो नंबर आणि वेळ त्यांनी पडद्यासमोर धरली. मग टपरीवर आले आणि अडखळले. साजियाही थांबली. बापाची ती गोष्ट जगापुढं आपल्या तोंडानं सांगायची, हे तिच्या जिभेवर येईना. सारजा तिच्याकडं बघत होती. साजियानं सांगितलं.

कोटवाल्यांपैकी एकानं विचारलं, कंपनीनं काय करावं अशी तुमची अपेक्षा आहे. नूरगुलनं त्याला मध्येच थांबवलं आणि म्हणाली, हा प्रश्न सारजाला विचारा.

सारजा पुढं सरकली. "मी त्या दिवशी कामावर होते," ती म्हणाली. "माझं मूल माझ्या पोटात होतं. आमी दोघंबी तितं होतो. हे तुमच्या कागदावर आलं पायजे. दुसरी बाई पास मागंल तवा तिला सोडा. आन् मला दुसरं काय नको, असं समजू नका. जे कायद्यानं हाय ते सगळं पायजे."

चौकशीला सहा आठवडे लागले. बाहेरून माणसं आली, वॉचमन बोलला, कॉम्प्युटरवरची नोंद कुणी कधी बदलली ते निघालं, आणि अकरा तारखेला सारजाच्या नावापुढं हजर असं लागलं. सुपरवायझर गेला. ज्ञानेश साहेबांची दुसऱ्या कारखान्यात बदली झाली, शिक्षा अशी काही नाही, आणि याचा राग बायकांच्या मनातून गेला नाही. बाहेर जायला पास लागायचे बंद झाले. मकसूदभाईंचा ठेका जूनला गेला. दोन बस त्यांनी इंदापूरच्या शाळांना लावल्या, दोन उभ्या राहिल्या. सलिमा नव्या ठेकेदाराच्या गाडीनं कामाला जायला लागली. मकसूदभाईंशी ती बोलायची, पण पूर्वीसारखी त्यांच्या ताटाशेजारी बसून नाही. सारजा त्यांच्याशी कधीच बोलली नाही.

ऑगस्टमध्ये सारजा पुन्हा कामावर आली. त्याच आठवड्यात साजियाला निरोप आला. खोकी बाजूला लावली म्हणून गोदामानं नूरगुलला आणि आणखी दोघांना कामावरून काढलं होतं. खटला चालेल, वर्ष लागेल.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीनंतर घंटा झाली तरी तिसऱ्या लाइनच्या बायकांनी मशीन चालू केल्या नाहीत. बाकीच्या लाइनी चालल्या होत्या. काही बायका मान वर करून बघत होत्या, काही बघत नव्हत्या. तिसऱ्या लाइनच्या तीस जणी हात मांडीवर ठेवून बसल्या. नवा सुपरवायझर आला.

"काय झालं? वीज आहे की."

"दहा मिनिटं बसणार हाय," रंगूबाई म्हणाली. "जर्मनीत तिघांना कामावरनं काढलंय. त्यातल्या एका बाईला आमी वळखतो. तुमच्या वरच्यांना कळवा, त्यांना परत घ्यायला सांगा."

"जर्मनीत?" त्याला खरंच समजेना. "अहो, कोण कुठली बाई. ती तुमची कोण लागते?"

रंगूबाईनं सारजाकडं बघितलं. सारजानं मान वर केली.

"तिनं माझी हजेरी लावली," ती म्हणाली.